अलार्म विनाकारण वाजतोय? आधी तो कधी वाजतो ते पाहा

दार कुणी उघडलं नाही, खिडकी फुटली नाही, घरात मांजरसुद्धा नाही, तरी दर चार-सहा दिवसांनी घरातल्या चोरीच्या अलार्मचा सायरन बोंबलतो. कोड टाकला की गप्प. पॅनलवर, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्यावर, सगळं हिरवं. टेक्निशियन येतो, रीसेट करतो, "पुन्हा वाजला तर कळवा" म्हणून जातो, आणि तो पुन्हा वाजतो. पूर्ण मेलेला सेन्सर शोधायला पाच मिनिटं लागतात. कधी जोडलेली आणि कधी तुटलेली वायर मात्र महिनोन्‌महिने छळते, कारण बघायला जावं तेव्हा ती नेमकी जोडलेली असते.

अशा वेळी बहुतेक जण "काय बिघडलं असेल" असा अंदाज बांधून एकेक सेन्सर बदलत सुटतात. पैसे जातात, दोष तिथेच राहतो. माझा आग्रह असा की सुरुवात "कधी"पासून करावी. पहाटे वाजणारा अलार्म, दुपारी वाजणारा अलार्म आणि लाइट गेली की वाजणारा अलार्म यांची दुखणी सहसा वेगवेगळी असतात. वेळ कळली की निम्मा शोध संपतो.

रीसेटच्या आधी लॉग

जवळजवळ प्रत्येक पॅनलमध्ये घडलेल्या गोष्टींची नोंद राहते. कीपॅडच्या मेनूत किंवा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ती दिसते. कीपॅडवर दिसणारी "मेमरी" आणि हा लॉग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेमरी पुढच्या वेळी आर्म केलं, म्हणजे अलार्म पहाऱ्यावर लावला की बऱ्याच पॅनलमध्ये पुसली जाते, लॉग मागे राहतो. लॉगमधून तीन गोष्टी कागदावर उतरवा: झोन (म्हणजे पॅनलने नंबर दिलेलं एखादं दार, खिडकी किंवा खोली) कोणता, वेळ काय, आणि नोंदीचा प्रकार काय. प्रकाराकडे लोक फार दुर्लक्ष करतात. "अलार्म", "टॅम्पर", "लो बॅटरी", "एसी फेल" (मुख्य वीज गेली) आणि "कम्युनिकेशन फेल" या पाच वेगळ्या तक्रारी आहेत. टॅम्पर म्हणजे डब्याचं झाकण सैल आहे किंवा वायर तुटली आहे. तिथे मोशन सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही.

एकाच घटनेत तीन झोन दिसत असतील तर पहिला पकडा. दुसरा आणि तिसरा बहुतेक वेळा तुम्ही स्वतः धावत आल्यामुळे लागलेले असतात. पण तिन्ही झोन एकाच सेकंदाला लागले असतील तर ती मोठी खूण आहे. तिच्याकडे पुढे येतो.

पॅनलचं घड्याळ बरोबर आहे का, हेही बघून घ्या. वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्यावर ते मागे पडतं किंवा शून्यापासून सुरू होतं, आणि मग रात्री दोनची म्हणून दिसणारी घटना प्रत्यक्षात दुपारची असते. नोंदीशेजारी आणखी एक रकाना ठेवा: हवा कशी होती, पंखा किंवा एसी चालू होता का, लाइट गेली होती का, घरात कोण होतं. चार-पाच नोंदी झाल्या की साधारण सूत्र दिसायला लागतं.

कोणता नंबर कुठल्या दाराचा हे माहीत नसेल तर पॅनलच्या झाकणाच्या आत बघा, बसवणाऱ्याने कधीकधी तिथे लिहून ठेवलेलं असतं. नसेल तर अलार्म डिसआर्म, म्हणजे पहाऱ्यावरून उतरवून ठेवून एकेक दार उघडा, एकेका खोलीत चाला आणि कीपॅडवर कोणता आकडा उमटतो ते लिहून काढा. ही यादी नसताना दोष शोधणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

एक गोष्ट आधीच वेगळी काढतो. दर अर्ध्या-एक मिनिटाला येणारा एकच बारीक "टिक्" किंवा "चिप्" आवाज हा चोरीचा अलार्म नसतो. तो बहुधा बॅटरी उतरल्याचा इशारा असतो, आणि तोही कितीदा तरी छतावरच्या वेगळ्या स्मोक अलार्मचा निघतो, ज्याचा पॅनलशी काही संबंधच नसतो. आवाज कुठून येतोय ते एकदा शांतपणे त्याच्याखाली उभं राहून ऐका. पॅनल उघडून बसलेल्या कित्येकांचा दिवस यात वाया गेलेला असतो.

डबा उघडण्यापूर्वी

तुमची सिस्टीम एखाद्या मॉनिटरिंग कंपनीला जोडलेली असेल तर आधी त्यांना फोन करून ती टेस्ट मोडमध्ये टाकायला सांगा, नाहीतर तुम्ही हातात पेचकस घेऊन उभे असताना दारात पोलीस येतील. झाकण उघडलं की टॅम्पर लागणार, हे गृहीत धरा. बाहेरच्या सायरनमध्ये बऱ्याचदा स्वतःची बॅटरी असते. पॅनलची वीज काढली तर तो गप्प बसत नाही, उलट "वायर कापली" असं समजून वाजायला लागतो. त्यासाठी सर्व्हिस मोड असतो, मॅन्युअलमध्ये तो शोधून ठेवा.

पॅनलमध्ये जिथे मुख्य वीज येते त्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला हात लावायचा नाही. ते काम मेन स्विच बंद करून, आणि माहितगार माणसानेच करावं. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी तिच्या दोन टोकांना पाना किंवा पेचकस एकदम टेकला तर ठिणगी उडते आणि धातू तापून हात भाजतो.

पहाटे येणारी तक्रार

वायरलेस सेन्सर असलेल्या घरात पहाटे "लो बॅटरी"चा इशारा येतो आणि सकाळी नऊपर्यंत तो आपोआप नाहीसा होतो. माणसं म्हणतात, आपोआप बरं झालं. झालेलं काही नसतं. चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान साधारण सूर्योदयाच्या सुमारास असतं. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, सिग्नल पाठवताना व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि सेन्सर तक्रार करतो. ऊन वर आलं की तोच सेल पुन्हा जेमतेम पास होतो. ही सेल बदलायची वेळ आहे, आणखी दोन आठवडे बघू म्हणायची नाही.

तीन व्होल्टचा लिथियम सेल नुसता मल्टिमीटरला (व्होल्टेज आणि रोध मोजणाऱ्या मीटरला) लावून बघू नका. भार नसताना म्हातारा सेलही छान आकडा दाखवतो. बदलताना जुना काढल्यावर लगेच नवा घालू नका. सेन्सरचं टॅम्परचं बटण तीन-चार वेळा दाबा, म्हणजे आतल्या कॅपॅसिटरमधला उरलेला चार्ज उतरतो आणि सेन्सर नव्याने सुरू होतो. मग दार एकदा उघडून बंद करा, म्हणजे पॅनलला नवी स्थिती कळते. हे न केल्यामुळे "नवा सेल घातला तरी लो बॅटरीच दाखवतो" अशी तक्रार फार ऐकू येते.

लाइट गेली किंवा आली की

आता तो मघाचा मुद्दा. वायरवरचे दोन-तीन झोन एकाच सेकंदाला लागले तर चोराचा विचार सोडा आणि विजेचा करा. कोणताही माणूस हॉल, जिना आणि मागचं दार एकाच क्षणी ओलांडत नाही.

कारण असं आहे: वायरने जोडलेल्या बहुतेक मोशन सेन्सरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा आतला बारीक स्विच, शांत स्थितीत ओढलेला असतो. हालचाल दिसली की तो सुटतो आणि पॅनलला अलार्म कळतो. सेन्सरची वीज कमी पडली तरीही तो सुटतो, आणि पॅनलला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. बारा व्होल्टवर चालणारे बरेच सेन्सर साधारण नऊ व्होल्टपर्यंत तग धरतात. लाइट गेली, सगळा भार पॅनलमधल्या बॅटरीवर आला आणि बॅटरी म्हातारी असेल, तर काही मिनिटांत व्होल्टेज तिथवर घसरतं. मग सायरन वाजतो, सायरनने आणखी करंट ओढला की व्होल्टेज आणखी घसरतं आणि उरलेले सेन्सरही सुटतात.

पॅनलमधली बॅटरी साधारणपणे सीलबंद लेड अ‍ॅसिडची, १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासाची असते. तिचं आयुष्य ३ ते ५ वर्षं. उष्णतेत ते झपाट्याने घटतं. तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. माळ्यावर, छताला चिकटून बसवलेल्या पॅनलची बॅटरी म्हणूनच लवकर जाते. चार्जिंग चालू असताना तिच्या टोकांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून बरंच कमी दिसलं तर चार्जर किंवा ट्रान्सफॉर्मर संशयित. पण आकडा बरोबर दिसला म्हणून बॅटरी चांगली असं होत नाही, कारण तेव्हा तुम्ही चार्जरचाच आकडा वाचत असता.

खरी परीक्षा भाराखाली होते. टेस्ट मोडमध्ये मुख्य वीज बंद करा, मल्टिमीटर बॅटरीला लावून ठेवा आणि सायरन थोडा वेळ वाजवा. व्होल्टेज साडेबाराच्या आसपास टिकून हळूहळू उतरत असेल तर ठीक. काही सेकंदांत अकराच्या खाली गडगडलं तर बॅटरी संपली. फुगलेली, कडा बाहेर आलेली बॅटरी दिसली तर परीक्षासुद्धा घेऊ नका, बदला. नव्या बॅटरीवर मार्करने तारीख टाका. फुकटचं काम आहे आणि पुढच्या वेळी अर्धा तास वाचवतं.

बॅटरी नवी असूनही हेच होत असेल तर भार मोजा. पॅनलमधून सेन्सरना वीज देणाऱ्या टर्मिनलला मर्यादा असते. अर्धा-पाऊण अ‍ॅम्पिअर हा नेहमीचा आकडा. वर्षानुवर्षं एकेक सेन्सर, एक जादा कीपॅड, एक जीएसएम मॉड्यूल (सिमवरून संदेश पाठवणारा भाग) असं जोडत गेलं की ती मर्यादा कधी ओलांडली हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बारीक वायरची लांबीही व्होल्टेज खाते. म्हणून व्होल्टेज पॅनलवर मोजून समाधान मानू नका, सर्वांत लांबच्या सेन्सरच्या टर्मिनलवर मोजा, आणि सायरन वाजत असताना मोजा.

दुपारी, किंवा रोज साधारण एकाच वेळी

इथे संशय मोशन सेन्सरवर. तो काय बघतो हे समजलं की बाकीचं आपोआप सुचतं. त्याला माणूस दिसत नाही, अंगातून बाहेर पडणारी अवरक्त उष्णता दिसते. आत दोन संवेदक घटक उलट-सुलट जोडलेले असतात. सगळ्या खोलीचं तापमान एकदम वाढलं तर दोघांना सारखंच दिसतं आणि एकमेकांचा परिणाम खोडला जातो. उष्ण वस्तू एकाच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत सरकली तरच सिग्नल उमटतो. म्हणून तो आडव्या चालण्याला फार हुशार आणि थेट अंगावर येणाऱ्याला जरा मंद असतो.

आता खोलीत काय सरकतं ते बघा. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा एरवी सावकाश सरकतो, त्याला सेन्सर दाद देत नाही. पण ढग आला-गेला किंवा पडदा हलला की तापलेल्या फरशीवर ऊन-सावली झपकन बदलते, आणि तेवढं पुरतं. एसीची झोत लागणारा पडदा, हीटरवरून उठणारी गरम हवा, टायमरने चालू होणारा ब्लोअर, हे सगळे रोज त्याच वेळी अलार्म देऊ शकतात. वाढदिवसानंतर छताला लागून राहिलेले गॅसचे फुगे ही जुनी आणि हमखास चूक. हवा थंड झाली की ते हळूहळू खाली उतरतात आणि रात्रभर हॉलभर हिंडतात.

खिडकीबाहेरून जाणाऱ्या माणसामुळे सेन्सर लागतो असं अनेकांना वाटतं. साध्या सेन्सरच्या बाबतीत ते बहुधा खरं नसतं, कारण अंगाची उष्णता खिडकीच्या काचेतून पलीकडे जात नाही. पण सेन्सर मायक्रोवेव्हसकटचा, म्हणजे ड्युअल प्रकारचा असेल, तर त्याचा मायक्रोवेव्हचा भाग काच आणि पातळ भिंतीही ओलांडून बघतो. पलीकडच्या खोलीतला पंखा, प्लॅस्टिकच्या पाइपमधून वाहणारं पाणी, ट्यूबलाइट, सगळं त्याला "हालचाल" वाटू शकतं. दोन्ही भागांनी एकत्र होकार दिला तरच असे सेन्सर वाजतात. पण मायक्रोवेव्ह सतत होकार देत बसला की सगळा भरवसा पुन्हा एकट्या उष्णतेच्या भागावर येतो आणि ड्युअल सेन्सरचा उपयोगच संपतो. आत एक बारीक स्क्रू असतो, त्याने मायक्रोवेव्हचा पल्ला खोलीपुरता कमी करता येतो. बसवताना तो बहुतेकदा कमालवर राहून गेलेला असतो.

कडक उन्हाळ्याची एक वेगळीच गंमत आहे. खोलीचं तापमान त्वचेच्या तापमानाजवळ, म्हणजे ३३-३५ अंशांच्या आसपास गेलं की माणूस आणि मागची भिंत यांतला फरक पुसट होतो. त्यावर उपाय म्हणून कित्येक सेन्सर त्या वेळी आपली संवेदनशीलता आपोआप वाढवतात. त्यामुळे एरवी दुर्लक्षित राहणारी बारीकसारीक हालचालही अलार्म देते. सेन्सर खराब नाही, जागा चुकीची आहे.

आणि मग कोळी. लेन्सपासून इंचभर अंतरावरून चालणारा कोळी सेन्सरला दूरच्या माणसाएवढा मोठा दिसतो. तो डब्याच्या आत शिरला असेल तर विचारायलाच नको. रात्री-अपरात्री, काही सूत्र नसलेले आणि एकाच मोशन झोनचे अलार्म असतील तर सेन्सर उघडून आत जाळं, मुंग्यांची अंडी, पालीची घाण आहे का बघा. वायर येण्याचं भोक सिलिकॉनने बुजवा. लेन्स आतबाहेर मऊ कोरड्या कापडाने पुसा, पण मधल्या गोल संवेदकाच्या खिडकीला बोट लावू नका. कीटकनाशक थेट लेन्सवर फवारू नका, प्लॅस्टिक पांढुरकं पडतं. भिंतीवर आजूबाजूला मारा.

पंजे, पंख आणि फुगे यांच्यावर उपाय म्हणून "पल्स काउंट" वाढवण्याचा मोह होतो. एक पल्सऐवजी, म्हणजे हालचालीच्या एका सिग्नलऐवजी, दोन किंवा तीन पल्स मोजूनच अलार्म, अशी ती सेटिंग असते. एखाद्या पायरीने वाढवणं ठीक आहे, पण त्यानंतर खोलीत स्वतः हळू चालून बघा. आकडा वाढवत वाढवत असा सेन्सर करून ठेवलेला मी पाहिलाय, की तो वाजायला लावायचा तर खोलीत नाचावं लागावं.

वारा आणि दमट हवा

दार-खिडकीच्या सेन्सरमध्ये एका बाजूला चुंबक आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या नळीतला बारीकसा रीड स्विच असतो. दोघांमधलं अंतर वाढलं की स्विच सुटतो. साध्या सेन्सरला साधारण १५ ते २० मिलिमीटरचं अंतर चालतं, पण लोखंडी दारावर चुंबकाचा जोर धातूत विरतो आणि हेच अंतर बरंच कमी होतं. काठावर बसवलेला सेन्सर कोरड्या दिवसांत निमूट असतो. दमट हवेत लाकूड फुगलं, दार नीट बसेना झालं, बिजागरी झिजली की तोच वाऱ्याच्या प्रत्येक धक्क्याला सुटतो.

परीक्षा सोपी. दार लावा, अलार्म डिसआर्म ठेवा, एकाला कीपॅडकडे बघायला सांगा आणि दार जोरात आत-बाहेर हलवा. झोन लुकलुकला तर सापडला. चुंबक जवळ आणा. दुहेरी चिकटपट्टीवर लावलेला असेल तर तो गरमीने खाली सरकला आहे का बघा, आणि स्क्रूने पक्का करा. पण स्क्रू आवळताना जोर लावू नका, आतली काचेची नळी तडकते आणि मग तो सेन्सर असा वागतो की डोकं फिरतं.

काही सूत्रच नाही: मग वायर

वेळ, हवा, वीज कशाशीच जुळत नाही, झोन मात्र तोच, असं असेल तर जोड बघा. वायरच्या सिस्टीममधला खरा छळवाद इथे आहे आणि इथेच घाईचं काम नाही.

पॅनल प्रत्येक झोनच्या दोन वायरींमधला रोध सतत मोजत असतो. वायरीच्या टोकाला, सेन्सरच्या आत, एक ठराविक रेझिस्टर असतो. तेवढा रोध दिसला तर सगळं ठीक, वायर तुटली तर अनंत, वायरी एकमेकींना टेकल्या तर शून्य. रेझिस्टरची किंमत पॅनलप्रमाणे बदलते, मॅन्युअलमध्ये बघा. (बसवणाऱ्याने आळसाने तो रेझिस्टर पॅनलमध्येच लावला असेल तर वाटेत वायर शॉर्ट झाली तरी पॅनलला कळणार नाही. तसं दिसलं तर सवडीने तो सेन्सरमध्ये न्या.)

पहिलं काम दोष पॅनलचा की बाहेरचा हे ठरवणं. त्यासाठी दोन सारख्या प्रकारच्या झोनची अदलाबदल करा. समजा त्रास झोन ३ चा आहे, तर त्याच्या वायरी ५ च्या टर्मिनलला लावा आणि ५ च्या ३ ला. दोन्ही झोनचे रेझिस्टर आणि सेटिंग सारख्या हव्यात, हे आधी तपासा. मग वाट बघा. पुढचा अलार्म ५ वर आला तर दोष वायरींबरोबर गेला, म्हणजे बाहेर आहे. ३ वरच आला तर पॅनल. ही युक्ती मला झोन बायपास करण्यापेक्षा कितीतरी आवडते, कारण चाचणीच्या काळात घर उघडं पडत नाही.

बाहेरचा ठरला की मोजमाप. सिस्टीमची वीज काढा, झोनच्या दोन्ही वायरी पॅनलमधून सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजा. मोशन सेन्सरचा रिले वीज नसताना सुटलेला असतो, तेव्हा त्याच्या बाबतीत सेन्सरच्या टर्मिनलवरच दोन वायरींना तात्पुरता रेझिस्टर लावून नुसती वायर मोजावी लागते. समजा रेझिस्टर ५.६ किलो-ओहमचा आहे. मीटरवर ५.३ ते ५.९ च्या मध्ये काहीतरी स्थिर दिसलं पाहिजे. सात-आठ दिसलं आणि वायर हलवल्यावर आकडा नाचला तर कुठेतरी जोड सैल किंवा गंजलेला आहे. उलट चारच दिसलं तर दोन वायरींमध्ये ओल शिरून गळती होतेय, ५.६ ला समांतर १४ किलो-ओहमची गळती असेल तर बरोबर चार दिसतात. कमी आणि जास्त यांतला हा फरक महत्त्वाचा, कारण एकात जोड शोधायचा असतो आणि दुसऱ्यात पाणी.

जोड शोधताना अर्ध्या-अर्ध्याने जा. मधला जंक्शन बॉक्स उघडा, तिथून दोन्ही दिशांना मोजा, जी बाजू वाईट तिचे पुन्हा दोन भाग करा. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडांवर पहिला संशय घ्या. मग दाराच्या बिजागरीपाशी वाकणारी वायर, खिळ्याखाली दाबलेली वायर, कपाटामागे चेपलेली वायर, आणि उंदरांनी कुरतडलेली माळ्यावरची वायर. मीटरला "मिन-मॅक्स"ची सोय असेल तर ती चालू ठेवून वायर इंचाइंचाने हलवत जा. नजर चुकली तरी मीटर क्षणिक उडी पकडून ठेवतो.

जोड सापडला की सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवा. टेप पुन्हा गुंडाळू नका. वायर भिंतीत पुरलेली असेल आणि जोड सापडतच नसेल, तर केबलमध्ये रिकाम्या कोअर, म्हणजे न वापरलेल्या आतल्या तारा, आहेत का बघा. सहा कोअरच्या केबलमध्ये बऱ्याचदा दोन कोअर नुसत्याच वळवून ठेवलेल्या असतात. दोन्ही टोकांना त्या वापरा आणि जुन्या सोडून द्या. भिंत फोडायची वेळ बरेचदा टळते.

रोध अगदी बरोबर असूनही झोन लागतोच असं झालं, तर शेजारून कोणती वायर जाते ते पाहा. मेनच्या वायरीला चिकटून लांबवर गेलेली अलार्मची केबल पंप किंवा फ्रिज चालू होताना झटका पकडते. लॉगमधल्या वेळा आणि मोटार चालू होण्याच्या वेळा जुळतात का बघा. केबल दूर सरकवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. पॅनलमधल्या जीएसएम मॉड्यूलचा अँटेना झोनच्या वायरींवर पडून असेल तर तोही हलवा. जुन्या २जी संदेशाच्या वेळी सेकंदाला २१७ वेळा होणारे स्पंदन, तेच जे जवळच्या स्पीकरमध्ये "टिक-टिक-टिरर" असं ऐकू येतं, झोनच्या वायरींमध्येही उमटू शकतं.

पॅनलमध्ये झोनचा प्रतिसाद-वेळ वाढवायची सेटिंग असते. ती वाढवली की क्षणिक तुटणारा जोड पॅनलला दिसत नाही. सैल जोड मात्र सैलच राहतो आणि आणखी सैल होत जातो. मी ती सेटिंग दोष दुरुस्त केल्यानंतरच हलवतो, आधी नाही.

बाकीचं थोडक्यात

आर्म केल्यावर मिनिटाभरात वाजत असेल तर बाहेर पडायला दिलेला वेळ कमी आहे, किंवा दार नीट लागत नाही. घरात शिरताच वाजत असेल तर दार आणि कीपॅड यांच्या मधल्या मोशन सेन्सरचा झोन "तात्काळ" प्रकारात टाकलेला आहे. तो दाराच्या मागोमाग थांबणाऱ्या प्रकारात टाका.

वायरलेस सेन्सरचा संपर्क तुटल्याचे इशारे येत असतील तर गेल्या महिन्यात काय नवीन आलं ते आठवा: राउटर, लोखंडी कपाट, मोठा आरसा. पॅनलच्या मेनूत प्रत्येक सेन्सरच्या सिग्नलची ताकद दिसते. सेन्सर हातभर सरकवला तरी फरक पडतो. "कम्युनिकेशन फेल" म्हणजे चोर नव्हे, तर सिमचं रिचार्ज, इंटरनेट किंवा नेटवर्क. अनेक देशांत जुनी २जी-३जी सेवा बंद झाली आहे किंवा होत आहे, तेव्हा जुनं मॉड्यूल कितीही रीसेट केलं तरी बोलणार नाही.

एखादा झोन अचानक फारच शहाण्यासारखा वागायला लागला तर त्याच्यावरही नजर ठेवा. बरीच पॅनलं एकाच वेळी आर्म असताना वारंवार वाजणारा झोन पुढच्या डिसआर्मपर्यंत आपणहून वगळतात. शेजाऱ्यांची झोप वाचते, पण त्या रात्री त्या दाराला राखण नसते.

दुरुस्ती एका वेळी एकच करा. बॅटरी, सेन्सर आणि जोड तिन्ही एकाच दिवशी बदलले तर काय लागू पडलं ते कळत नाही, आणि दोष परत आला तर पुन्हा पहिल्यापासून. मग किती दिवस थांबायचं? अलार्म आठवड्यातून एकदा वाजत असेल तर एक शांत आठवडा पुरेसा नाही, तीन आठवडे तरी जाऊ द्या. टेक्निशियनला बोलवायची वेळ आलीच तर त्याच्या हातात तुमचा नोंदींचा कागद आणि मोजलेले आकडे द्या. रीसेट करून निघून जाणं मग त्याला अवघड होतं.

शांत झालेला झोन खरंच बरा आहे की मेला आहे, हेही तपासायला हवं. रीड स्विचचे संपर्क वीज कोसळल्याच्या झटक्याने कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात; मग दार सताड उघडलं तरी पॅनलला ते बंदच दिसतं आणि खोटा अलार्म कायमचा थांबतो. तेव्हा शेवटी टेस्ट मोडमध्ये प्रत्येक दार उघडा, प्रत्येक खोलीत चाला, प्रत्येक झोन वाजतो याची खात्री करा, आणि मॉनिटरिंग कंपनीला फोन करून सिस्टीम टेस्ट मोडमधून बाहेर काढायला विसरू नका.